आधी मावशीला विचारा



रिकामा कुकर गॅसवर चढवला म्हणून सासूनं सुनांना फैलावर घ्यावं, यात नवल ते काय? आपल्यातल्या कितीजणींनी हे ऐकून घेतलंय. पण त्या रागावण्याचं गाणं झालं आणि ते देशभर वाजलं. ऑगस्ट २०२० मधली ही गोष्ट. तेव्हा सगळी घरात अडकलेली. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आपल्याच शहरातल्या यशराज मुखाटे या तरुणानं ते गाणं केलं. शिक्षण इंजिनिअरिंगचं, ओढ संगीताची. 'साथ निभाना साथिया' या मालिकेत सासू कोकिलाबेन विचारते की स्वयंपाकघरात कोण होतं, आणि मग सांगते की कुकरमधले हरभरे राशीनं काढले. यशराजनं तेवढंच बोलणं घेतलं, त्याला ठेका दिला, खाली वाद्यांचे सूर भरले. 'रसोडे में कौन था' म्हणून ते सगळ्यांच्या तोंडी झालं.

आम्ही रेडिओच्या कामाला बसणाऱ्या बायका. आम्हाला प्रश्न पडला, हे होतं कसं? मग कळलं, बोलण्यात सूर असतोच, आपण तिकडं कान देत नाही इतकंच. प्रश्न विचारताना आवाज शेवटी चढतो, रागात शब्द टपाटपा पडतात, लाडात लांबतात. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. दळता दळता बोलणंच ओवीत शिरायचं. आपल्या पैठणच्या नाथमहाराजांनी भारुडात काय केलं? वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे दारोदारचे बोल उचलले आणि लोकांना हसवता हसवता चार गोष्टी सांगितल्या.

करायची रीत अवघड नाही. पंखा बंद करायचा, मोबाइल तोंडापासून वीतभर लांब धरायचा आणि बोलणं रेकॉर्ड करायचं. मग तेच तेच ऐकत ताटावर बोटं वाजवायची. कुठला शब्द ठेक्यावर पडतो ते आपोआप कळतं. तो तुकडा कापायचा, दोनदा-तीनदा जोडायचा, मधे जागा उरली तर टाळी नाहीतर पातेलं. कापणं-जोडणं मोबाइलवरच्या फुकट ॲपमध्येही जमतं. शब्दाचा सूर हलवून नेमक्या पट्टीवर बसवायचीही सोय असते, पण ती जपून वापरा, माणूस यंत्रासारखा वाजायला लागतो. अर्धा मिनिट पुरे. आमचं पहिलं तीन मिनिटांचं झालं होतं, आमचाच जीव कंटाळला.

आता आमच्याकडून काय चुकलं ते सांगतो.

बचत गटाच्या बैठकीचं रेकॉर्डिंग आमच्याकडं होतं. त्यात एका ताईचा हप्ता थकलेला. का थकला हे सांगताना ती अडखळत होती, एकच शब्द चार वेळा म्हणाली. आम्हाला वाटलं, वा, आयता ठेका! केलं गाणं, पुढच्या बैठकीत वाजवलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं सगळ्यांच्या. ती पण हसली. पुढच्या दोन बैठकांना मात्र ती आली नाही.

आम्ही तिच्या घरी गेलो. चहा केला तिनं. म्हणाली, "सगळ्या हसल्या, मग मी एकटी रडत बसू का?" तोवर कुणीतरी ती क्लिप पुढं पाठवलेली होती आणि ती तिच्या पोराच्या मोबाइलवर पोचली होती. आम्ही आमच्याकडची पुसली. पण पोराच्या मित्रांकडची कशी पुसणार?

मग आम्हाला कोकिलाबेनचं गाणं का खुपलं नाही ते कळलं. रूपल पटेल या नटी आहेत. तो राग लिहून दिलेला, पाठ केलेला. राशीचं काम करणारी आपली रुचा हसबनीसही अभिनयच करत होती. खऱ्या घरातल्या कुठल्या सुनेचा कुकर त्यात जळला नव्हता. रूपलताईंनी तर यशराजचं कौतुकच केलं. आमच्या ताईचा हप्ता मात्र खरा होता, अडचण खरी होती.

हे जगात इतरांच्याही बाबतीत झालंय. २०१० मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात एका घरात माणूस शिरला आणि त्यानं तिथल्या बाईवर हात टाकायचा प्रयत्न केला. तिचा भाऊ बातमीवाल्यांसमोर तावातावानं बोलला. ग्रेगरी ब्रदर्स या मंडळींनी त्याचं गाणं केलं. ते खूप चाललं आणि त्यांनी विक्रीतला अर्धा वाटा त्या भावाला दिला. हे चांगलंच केलं. पण लोक भावाच्या बोलण्याला हसत राहिले, बहिणीवर काय गुदरलं ते मागं पडलं. तिला कुणी विचारलं होतं का, हे आमच्या मनातून जात नाही.

म्हणून आता आम्ही आधी गाणं करतो, ज्याचा आवाज आहे त्यालाच पहिल्यांदा ऐकवतो आणि एकटीला ऐकवतो. दहाजणींसमोर विचारलं तर कुणी नाही म्हणत नाही. ती नको म्हणाली की तिच्यासमोरच पुसायचं. अडचण, आजार, घरातलं भांडण यांना हातच लावत नाही.

परवा आमच्या खजिनदार मावशींचं केलं. त्या दर बैठकीत डोळ्यांवर चष्मा चढवून विचारतात, "पासबुक कुणाकडंय? तुझ्याकडं का माझ्याकडं?" आणि पासबुक निघतं त्यांच्याच पिशवीतून. बारा शब्दसुद्धा नाहीत, पण काय ठसका! खाली ढोलकी घातली. मावशींना ऐकवलं. कानाला मोबाइल लावून तीनदा ऐकलं त्यांनी. आम्ही श्वास धरून उभ्या.

"लावा रेडिओवर," म्हणाल्या, "पण माझा आवाज असा बारीक कशाला केलाय गं? मी का लहान पोर आहे? होता तसा ठेवा."

केला परत जाडा. तोच आता ऐका.