वारीतली पथारी

जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील. घासता घासता ऐका, हरकत नाही.

ज्येष्ठ लागला की आमच्या गटांच्या बैठकीत हप्ते बाजूला राहतात आणि वारीचंच बोलणं चालतं. नाथांची पालखी पैठणहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचते. पाटोदा, खर्डा, परांडा, कुर्डू, करकंब अशी ती वाट. चालायची तयारी सगळ्याजणी करतात. चप्पल कोणती, लाडू किती, घरी गुरांचं कोण बघणार, सगळं ठरतं. पण मधल्या सगळ्या रात्री तंबूत, भुईवर काढायच्या असतात, त्याचा विचार कुणी करत नाही. "घरातली जुनी वाकळ घे, झालं," एवढंच. मीही तेच करायचे. आज त्याच रात्रींबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही 11 जणी एका तंबूत होतो. त्यात एक मावशी सगळ्यात थोरल्या, साठी ओलांडलेल्या. त्यांना आम्ही अगदी प्रेमानं आतला कोपरा दिला. वारं लागायला नको, शिंतोडे नकोत, कुणाची भीती नको. चार-पाच दिवस बरे गेले. मग मावशींचं चालणं मंदावलं आणि खर्ड्याच्या पुढं एका दुपारी त्या चक्कर येऊन रस्त्यातच खाली बसल्या. आरोग्य पथकातल्या डॉक्टरबाईंनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, पाणी किती पिता?" मावशी गप्प.

रात्री माझ्याजवळ बोलल्या. "ताई, रात्री दोनदा तरी उठावं लागतं मला. दहाजणींच्या अंगावरनं जायचं. अंधारात कुणाच्या हातावर पाय पडला म्हणजे? म्हणून मी दुपारनंतर पाणीच घेत नाही."

म्हणजे जिला जपायचं म्हणून आत निजवली, तिचंच पाणी आम्ही तोडलं होतं. त्याच रात्री त्यांची पथारी दाराशी आणली. बॅटरी दाराच्या बांबूला टांगली. पुढं मावशी पंढरपूरपर्यंत चालत आल्या. तेव्हापासून आमच्या तंबूत सामान उतरायच्या आधी जागा ठरतात. जिला रात्री उठावं लागतं, जिचे गुडघे दुखतात, जिची पाळी चालू आहे, ती दाराजवळ. मधोमध हातभर रुंद वाट मोकळी, पाय त्या वाटेकडं. आणि डोकं कापडाच्या भिंतीपासून हातभर आत. सुती कापडाचा तंबू पावसात भिजला की आतून जिथं अंग टेकतं, तिथूनच पाणी झिरपायला लागतं. उतार असेल तर मात्र डोकं चढाकडं ठेवा, मग वाट कुठूनही जाऊ दे.

आता अंथरायचं काय? इथं आपली सगळ्यांची एक चूक होते. गार वाटलं की आपण वरून पांघरूण वाढवतो. पण निजलेल्या माणसाची ऊब खालची जमीन ओढून घेते. गोधडी ऊबदार असते ती तिच्या कापडाच्या थरांत अडकलेल्या हवेमुळं. आपण तिच्यावर निजलो की ती दबते, हवा निघून जाते आणि भुईचा गारवा थेट कमरेला लागतो. म्हणून पैसे घालायचेच असतील तर अंगाखाली घाला. वर एक साधी चादर आणि घोंगडी आषाढात पुरते.

मागच्या वर्षी गटातर्फे मी खरेदीला शहागंजला गेले. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ उतरले आणि दुपारपर्यंत भाव करत फिरले. एका दुकानात हवा भरायची गादी दाखवली. दिसायला छान, दाबली की मऊ. पण रोज रात्री ती फुगवणार कोण? बाभळीचा एक काटा लागला की संपली. शिवाय आतली हवा मोकळी फिरते, त्यामुळं गार जमिनीवर तीही गारच लागते. दुसऱ्या ठिकाणी डोंगर चढणारी मुलं नेतात ती चेनची झोपायची पिशवी होती, स्लीपिंग बॅग. थंडीत डोंगरावर ती चांगली असेल. पण नऊवारी नेसून त्यात शिरायचं आणि रात्री घाईच्या वेळी चेन शोधायची, हे डोळ्यांपुढं आणलं आणि दुकानातच हसू आलं. आषाढात तर घामानं जीव जाईल.

शेवटी घेतला तो टीव्ही-फ्रिजच्या खोक्यात येतो तसला पांढरा फोम, बोटभर जाडीचा. तो मीटरवर कापून मिळतो. वजन नाही, पाणी पीत नाही, काटा लागला तरी काही बिघडत नाही, आणि त्याच्यातली हवा बारीक बारीक घरांत बंद असल्यानं भुईचा गारवा वर येत नाही. दुकानदाराला वाटलं काहीतरी पॅक करायचंय. म्हटलं, "माणसं!" पूर्ण अंगाचा तुकडा परवडत नसेल तर खांद्यापासून ढुंगणापर्यंतचा घ्या. कुशीवर निजलं की जमीन टोचते ती खांद्याला आणि कमरेच्या हाडाला, पायांना वाकळही चालते. बोटभर जाडीनं गादीचं सुख मिळणार नाही, हेही सांगून ठेवते. फार हाडं दुखत असतील तर दोन घड्या करा.

थर असे लावायचे. आधी हातानं चाचपून खडे, धसकटं काढायची. मग ताडपत्री, तिच्यावर फोम, वर सतरंजी किंवा गोधडी. ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर राहू देऊ नका, आत दुमडा. पाटोद्याच्या मुक्कामी आमची वीतभर कड बाहेर राहिली होती. रात्री सर आली, पाणी त्या कडेवर पडलं आणि पन्हळीतून यावं तसं आमच्या अंगाखाली आलं. पहाटे तीन वाजता सगळ्याजणी उठून बसलो, भजन म्हणत. लोकांना वाटलं काय भक्ती आहे!

भिजलेल्या वाकळेचं दुखणं दुसऱ्या दिवशी कळतं. पहाटे ओली वळकटी बांधून ट्रकमध्ये टाकली की ती संध्याकाळपर्यंत तशीच कोंबलेली, आणि रात्री वास मारत उलगडायची. सूत वाळायला ऊन लागतं आणि आषाढात ते मिळत नाही. इथं आपली घोंगडी कामाला येते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब टिकवते. आपल्या धनगर लोकांनी पावसात मेंढरांमागं तीच अंगावर घेतली, ती काही उगीच नाही. चांगली घोंगडी महाग आहे, हजाराच्या वर जाते. पण सासूबाईंची ट्रंकेत पडली असेल तर आधी ती बाहेर काढा. आणि प्रत्येकीची वळकटी मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड घट्ट बांधून.

पावसाच्या भीतीनं तंबू चहूबाजूंनी गच्च बंद करू नका. 11 जणींचा श्वास आणि घाम आतल्या प्लास्टिकवर जमतो आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडतो. मग "तंबू गळतो" म्हणून भांडण. वाऱ्याच्या उलट्या बाजूचा पडदा वीतभर वर ठेवा.

आता मण्यारीबद्दल. हा साप रात्री फिरतो आणि भुईवर झोपलेल्या माणसांना चावतो. दात बारीक, दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, मळमळ, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं. भुईवर झोपलेल्या बाईला असं झालं तर पित्त म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. 108 ला फोन करा आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेलं रुग्णालय गाठा. चिरायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, मांत्रिकाकडं जायचं नाही. आणि हे होऊच नये म्हणून मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत याचा अभ्यास झालाय, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असं त्यात दिसलं. पण तिची कड चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचलेली हवी, नुसती लोंबती उपयोगाची नाही. तंबूच्या दांड्याला दोरी बांधून दोघींत एक लावता येते. खाण्याचं सामान उशाशी ठेवू नका. त्याला उंदीर येतात, उंदरांमागं साप.

हे सगळं घ्यायचं तर पैसे लागतात. बैठकीत मी विषय काढला तेव्हा त्याच मावशी सगळ्यात आधी बोलल्या, "देवाच्या वाटेवर गादी कशाला?" मला राग आला, खरं सांगते. म्हटलं, "मावशी, तुम्ही खर्ड्याला रस्त्यात बसलात, तेव्हा देव काय म्हणाला?" जरा जास्तच बोलले. दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. शेवटी फोम आणि मच्छरदाण्या गटाच्या नावावर घेतल्या. वारीला जाणारी त्या महिन्याला थोडं भाडं देते, परत आल्यावर धुऊन, वाळवून जमा करते. इतर वेळी लग्नकार्यात त्याच वस्तू भाड्यानं जातात, त्याचे पैसे गटात.

निघायच्या आधी आठ दिवस घरीच एकदा याच अंथरुणावर, अंगणात किंवा गच्चीवर, झोपून बघा. काय टोचतं, काय कमी पडतं ते घरीच कळलेलं बरं. आम्ही यंदा समाजमंदिराच्या ओट्यावर झोपून पाहिलं. मावशी आल्या, वळकटी टाकली ती थेट दाराशी. शेजारी पाण्याची बाटली. मला म्हणाल्या, "बाटली दोन लिटरची आणलीय बघ."