बहात्तर तास, तासाभरात



2020 चा खरीप आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं आणि पीकविम्याच्या वेळी एक आकडा आडवा आला : 72 तास. नुकसान झाल्यापासून 72 तासांत कळवलं नाही, म्हणून भरपाई नाही! वावरात गुडघाभर चिखल, फोनला रेंज नाही; कळवायचं कसं? साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. 2022 मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

ती अट न्याय्य होती का, हे न्यायालयाने पाहिलं. माझा प्रश्न साधा आहे. अशी मुदत आता संगणक मोजतो. तो नीट मोजतो का, हे तपासायचं कसं? दर वेळी तीन दिवस वाट बघत बसायचं?

यंत्राचं घड्याळच पुढे सारावं, असं पहिल्यांदा सुचतं. तसं करू नये. मग वेबसाइटची प्रमाणपत्रं मुदत संपली म्हणून अडून बसतात, रात्रीची कामं भरदुपारी सुरू होतात, फायलींवर उद्याच्या तारखा पडतात.

त्यापेक्षा घरातल्या आजोबांचं बघा. ते आतल्या खोलीत बसून नातवाला विचारतात, 'किती वाजले रे?' नातू सांगेल ते खरं. त्याने चारलाच पाच म्हटलं, तर आजोबा चहा मागणार. भिंतीवरचं घड्याळ मात्र चारच दाखवत राहणार. प्रोग्रामचंही असंच. तो स्वतः घड्याळ बघत नाही, सिस्टिमच्या लायब्ररीला विचारतो. लिनक्सवर 'लिबफेकटाइम' नावाचं छोटं सॉफ्टवेअर त्या लायब्ररीच्या आधी जाऊन बसतं आणि आपण पढवलेली वेळ सांगतं. फसतो तो तेवढा एकच प्रोग्राम.

मग 71 तास 59 मिनिटांची तक्रार घेतली जाते का, 72 तास 1 मिनिटाची नाकारली जाते का, विम्याच्या अर्जाची मुदत 31 जुलै असेल तर त्या मध्यरात्री तो कोणत्या क्षणी बंद होतो, हे चहा संपायच्या आत कळतं. हेच घड्याळ 72 पट वेगाने पळवताही येतं. तीन दिवस तासाभरात उरकतात. (मुदत हुकलेल्यांनी मात्र यात आशा शोधू नये. अर्जाची वेळ पलीकडचा सर्व्हर लावतो, आणि तो तुमच्या नातवाला विचारत नाही.)

सगळेच प्रोग्राम याला बधतात असंही नाही. काही जण आपली लायब्ररी पोटातच घेऊन येतात. तिथे नातवाला दारच सापडत नाही.

जाता जाता एक प्रयोग सांगतो. जुन्या पद्धतीचे प्रोग्राम 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद 32 बिटांच्या खणात मोजतात. तो खण 2038 मध्ये भरतो. तुमच्याकडे असा जुना हिशेबाचा प्रोग्राम असेल, तर त्याची एक वेगळी प्रत घ्या, तिला 19 जानेवारी 2038, सकाळचे 8 वाजून 44 मिनिटं झालीत असं सांगा, आणि आठ सेकंद थांबा. पडद्यावर डिसेंबर 1901 उगवला, तर दुरुस्तीला अजून वेळ आहे.