कायद्याची पुस्तके आणि आपले घर

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. वाचनाचे गुणगान आपण दरवर्षी ऐकतो. म्हणून आज मी एकाच प्रकारच्या पुस्तकांविषयी बोलणार आहे. ती म्हणजे कायदा, राज्यकारभार आणि सार्वजनिक धोरण यांवरील अलीकडची पुस्तके. आपल्या घरच्या कपाटात धार्मिक ग्रंथ असतात, शायरी असते, स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शके असतात. कायद्याचे पुस्तक मात्र वकिलाकडेच असावे, अशी आपली समजूत आहे. ही समजूत आपल्याला किती महाग पडते, ते मला दाखवायचे आहे.

रोहित डे या इतिहासकाराचे 'अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन' हे पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्यात उत्तर प्रदेशातील जलालाबाद या लहानशा गावच्या मोहम्मद यासीन या भाजी-फळांच्या व्यापाऱ्याची हकीकत आहे. तेथील नगर समितीने परवान्याशिवाय घाऊक व्यापार करू नये असा नियम केला आणि मक्ता एकाच माणसाला दिला. यासीनचा धंदा बसला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५२ साली न्यायालयाने राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमातील व्यवसायस्वातंत्र्याचा आधार घेऊन तो निर्बंध बेकायदा ठरविला. घटना लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. राज्यघटना दिल्लीच्या सभागृहात लिहिली गेली हे खरे. परंतु ती अंगवळणी पाडली ती अशा भाजीवाल्यांनी, खाटकांनी, छोट्या दुकानदारांनी, असे हा ग्रंथकार दाखवितो. मागावर आणि सायझिंगमध्ये राबणाऱ्या आपल्या गावाने ही गोष्ट ऐकलीच पाहिजे.

दुसरे पुस्तक ऑर्नित शनी या विदुषीचे. 'हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक' हेही २०१८ सालचेच. त्याचा विषय ऐकायला रुक्ष आहे: देशाची पहिली मतदार यादी कशी तयार झाली. तथापि, ते वाचताना माणूस गुंगून जातो. घटना मंजूर होण्यापूर्वीच, १९४८ मध्ये, घटना समितीच्या सचिवालयाने प्रौढ मतदानाच्या यादीचे काम सुरू केले. फाळणीमुळे लक्षावधी निर्वासित घरदार सोडून आले होते. त्यांच्याजवळ वास्तव्याचा पुरावा कोठून असणार? सामान्य माणसांनी आणि त्यांच्या संघटनांनी सचिवालयाला पत्रे लिहिली, तक्रारी केल्या. अखेर, येथे कायम राहण्याचा आपला इरादा आहे एवढे निवेदन दिले तरी निर्वासिताचे नाव यादीत घ्यावे, असे ठरले. शासनाने पत्रांना उत्तरे दिली आणि लोकांनी पत्रे लिहिणे सोडले नाही. लोकशाही अशा पत्रव्यवहारातूनही उभी राहिली.

त्याच यादीच्या इतिहासातील आणखी एक गोष्ट आपल्या मुलींनी ध्यानात ठेवावी. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढेच सांगितले. परिणामी सुमारे २८ लाख स्त्रिया पहिल्या निवडणुकीच्या यादीतून गळाल्या. कोणी त्यांचा हक्क हिरावला नव्हता. नाव कागदावर आले नाही, इतकेच.

आता आपल्या गावाकडे वळू. २०२५ च्या जानेवारीत राज्य शासनाने मालेगावात उशिरा दिल्या गेलेल्या जन्मदाखल्यांच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याची ही जागा नव्हे. माझा प्रश्न निराळा आहे. जन्मनोंदणीचा कायदा १९६९ सालचा. आपल्यापैकी किती जणांनी तो वाचला आहे?

त्याचे सार थोडक्यात सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावयाची असते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होते. वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. बाळाचे नाव ठरले नसेल तरी जन्माची नोंद करता येते. नाव मागाहून घालता येते. हा कायदा २०२३ साली दुरुस्त झाला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, विवाहनोंदणी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सर्वांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरविण्यात आला आहे. आजोबांचा जन्म घरी दाईच्या हातून झाला, नोंद झाली नाही, तरी त्यांचे निभावले. नातवाचे निभावणार नाही.

याबरोबरच २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे चौदावे कलम वाचावे. वयाचा पुरावा नाही एवढ्या कारणाने बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे ते सांगते. अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. त्याच न्यायालयाच्या पीठाने २०२५ मध्ये त्याविषयी शंकाही व्यक्त केली. निकाल काहीही लागो. कायद्याची सक्ती नाही म्हणून दारात आलेले मूल आपण परत पाठवावे काय? संस्थाचालकांनी याचे उत्तर आजच द्यावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

कोणी म्हणेल, "मास्तर, पुस्तके वाचून पोट भरते का?" भरत नाही. परंतु २१ दिवसांत जे काम फुकट होते, त्यासाठी पुढे कचेरीच्या खेपा, मजुरीचे बुडालेले दिवस आणि दलालाचे पैसे मोजावे लागतात. पोटाचाच हिशेब मांडावयाचा तर तोही मांडून पाहावा.

शेवटी तीन सूचना. संस्थेच्या ग्रंथालयाने दरवर्षी कायदा व राज्यकारभारावरील पाच नवी पुस्तके घ्यावीत. राज्यघटना आणि मी सांगितलेले दोन कायदे मराठी व उर्दूत तेथे ठेवावेत. ही नवी पुस्तके इंग्रजीत असतात, म्हणून महिन्यातून एकदा एखाद्या शिक्षकाने एक पुस्तक वाचून पालकांना आपल्या बोलीत त्याचा सारांश सांगावा. पहिली पाळी मी घेतो. आणि नववी-दहावीच्या मुलामुलींनी आपापल्या गल्लीत नव्याने जन्मलेल्या बाळांच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारावा: "नोंद झाली का?"

वाचकहो, हे पान आपण वाचत आहात, तेव्हा तोच प्रश्न आपल्यालाही आहे. घरातील सर्वांचे दाखले आजच काढून पाहा. नावे, स्पेलिंग, तारखा जुळतात का ते तपासा. नागरिकशास्त्राचा पहिला धडा तेथेच आहे.