पहिले रिव्हॉल्व्हर घेण्यापूर्वी

(गेल्या वर्षीच्या उत्सवात ग्वाल्हेर येथे मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)

बाप्पासमोर उभे राहून शस्त्रांबद्दल बोलायचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. पण पाश आणि अंकुश त्यांच्याही हातात आहेत, तेव्हा चालेल असे चिटणीस म्हणाले. विषय त्यांनीच दिला. गेल्या दोन वर्षांत आपल्यातल्याच चार घरांतून मला फोन आले, "भाऊ, रिव्हॉल्व्हर घ्यायचे म्हणतोय, कुठले घेऊ?" मी काही बंदुकांचा जाणकार नाही. सरकारी नोकर आहे, रस्त्यांची आणि पुलांची मापे घेतो. नऊ वर्षांपासून लायसन आहे आणि रविवारी सकाळी निशाणेबाजी करतो, एवढीच माझी पात्रता.

आपण राहतो त्या मुलखात बंदूक म्हणजे नवलाची वस्तू नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात आणि मोटारसायकलवर खांद्याला दुनाली अडकवून चाललेला माणूस पाहून दचकतात. आपण मान वळवून बघतही नाही. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात पुरुषांनी नसबंदी करून घेतली तर बंदुकीच्या लायसनला प्राधान्य, अशी योजना निघाली होती. २०१९ मध्ये आपल्याच ग्वाल्हेरात लायसन मागणाऱ्याने दहा झाडे लावून त्यांच्यासोबत फोटो द्यायचा, असा नियम झाला. हसू येते, पण लायसनची ओढ इथे किती आहे ते यावरून कळते. आपली मराठी घरे या चढाओढीत फारशी नव्हती. कुणाकडे आजोबांची बारा बोअर असायची, दसऱ्याला पूजेला निघायची आणि पुन्हा पेटीत जायची. आता मुले बाहेरगावी, घरात दोन म्हातारी माणसे, मोठा वाडा. म्हणून फोन येतात.

माझेही असेच झाले. पुण्याला मुंजीला गेलो होतो, चार दिवस घर बंद होते, चोरी झाली. परत आल्यावर पहिला विचार काय आला? घरात रिव्हॉल्व्हर पाहिजे. आता विचार करा, चोरी झाली तेव्हा आम्ही घरात नव्हतोच. रिव्हॉल्व्हर असते तर चोरांनी तेही नेले असते, आणि त्यातून पुढे कुठे काही घडले की पोलिसांना उत्तरे देत मी हिंडलो असतो. हे कळायला मला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत अर्ज, पोलीस तपासणी, प्रशिक्षणाचा दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवीन असे लेखी वचन, सगळे पार पडून लायसन हातात आले होते.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम. आधी लायसन, मग शस्त्र. वय किमान २१. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन होती, आणि लायसन तीनऐवजी पाच वर्षे चालते. लग्नात हवेत गोळी झाडली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरातीला निघालेल्या भाच्यांना हे जरूर सांगा. ९ मिलिमीटर वगैरे बोअर सामान्य माणसाला मिळत नाही. आपल्यासाठी उरते मुख्यतः .३२ आणि .२२. आणि निवडणूक लागली की छाननी समितीने सूट दिली नाही तर शस्त्र थान्यात जमा. म्हणजे तेवढे आठवडे घराचे रक्षण कुलपानेच करायचे.

आता कुठले घ्यायचे? दुकानात गेलात की दोन प्रकार समोर येतील, रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल. दोन्ही .३२ म्हणतात म्हणून काडतूस एकच असेल असे समजू नका. रिव्हॉल्व्हरचे काडतूस वेगळे, पिस्तुलाचे वेगळे.

पहिल्यांदा घेणाऱ्याला मी डोळे मिटून रिव्हॉल्व्हर सांगतो. कानपूरच्या कारखान्याचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर कडी सोडली की मधून मोडते, जुन्या वेब्लीसारखे. मोडले की सहाही घरे समोर दिसतात. भरलेले आहे की रिकामे, हे बायकोलाही दिसते, आईलाही दिसते. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिन काढून टेबलावर ठेवले की माणसाला वाटते, झाले रिकामे. पण एक गोळी नळीच्या तोंडाशी बसलेली असू शकते. ती स्लाइड मागे ओढल्याशिवाय दिसत नाही. "रिकामे होते हो" असे म्हणत रडणारी घरे आपल्या शहरात आहेत, नावे घेत नाही. पिस्तूल वाईट नाही. ते चपटे असते, भरायला जलद असते. पण त्याला रोजचा सराव लागतो, आणि आपण पडलो वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडू वाहणारे.

नवे की जुने? बाहेरदेशची शस्त्रे सामान्य लायसनदाराला आयात करायला १९८० च्या दशकापासून बंदी आहे. म्हणून त्याआधी आलेले एखादे जुने विलायती रिव्हॉल्व्हर निघाले की त्याची किंमत ऐकून आपण खाली बसतो. त्या नावाला भुलू नका. स्प्रिंग तुटली तर सुटा भाग मिळत नाही, आणि सांध्यात ढिले झालेले विलायती हे घट्ट देशीपेक्षा धोक्याचे. कुणाकडून जुने घेत असाल तर नळीतून उजेडाकडे बघा, आत गंजाचे खड्डे आहेत का. घोडा चढवून चक्री हाताने हलवून बघा, खुळखुळली तर नमस्कार करून परत या. आणि शस्त्रावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

हलके घेऊ की जड, हा दुसरा प्रश्न. २०१४ मध्ये 'निर्भीक' निघाले, स्त्रियांसाठी म्हणून जाहिरात झाली. सुमारे अर्धा किलो वजन, किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात. पर्समध्ये बसते हे खरे. पण तीच गोळी हलक्या शस्त्रातून सुटली की हाताला धक्का जास्त बसतो, आणि आखूड नळीवर नेम धरणे कठीण. घरात ठेवायचे असेल तर वजनाची अडचण कसली? पाऊण किलोचे साधे .३२ हातात स्थिर राहते. दुकानदाराला सांगा, रिकामे करून दाखवा, मग भिंतीकडे तोंड करून चाप ओढून बघा. घोडा न चढवता नुसता चाप ओढला की बराच जोर लागतो. पत्नी तुमच्या गैरहजेरीत वापरणार असेल तर तिला दुकानात न्या. माझ्या सौ.च्या बोटाला पहिल्या वेळी तो चाप पुरता ओढलाच गेला नाही.

नेमबाजीची हौस आणि घराचे रक्षण एकाच शस्त्रात भागवू, असे बहुतेकांना वाटते. नाही भागत. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, तो प्रकार .२२ चा. त्या पिस्तुलाची मूठ, वजन, चाप सगळे कागदावरच्या काळ्या गोलासाठी बनवलेले असते, आणि आयात करायची परवानगी मान्यताप्राप्त नेमबाजांनाच. उलट .३२ चे काडतूस महाग, आणि वर्षाला किती घ्यायची त्याला मर्यादा. खडकीच्या कारखान्याची काडतुसे मिळतात, पण चाळीस झाडली की माझ्यासारख्याचा महिन्याचा हिशेब बिघडतो. चाळीस गोळ्यांनी हात बसत नाही.

म्हणून मी फोनवर सगळ्यांना जे सांगतो ते कुणाला आवडत नाही. आधी एक वर्ष एअर पिस्तूल वापरा. .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आतले असेल तर लायसन लागत नाही, ओळखपत्र लागते. दहा मीटरवर कागद लावायचा. त्याच्यावरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. छर्रे स्वस्त. दिवसाला पन्नास मारा. मी लायसन मिळाल्यावर तोऱ्यात रेंजवर गेलो होतो. सात मीटरवर माणसाच्या आकाराचा पुठ्ठा होता, सहा गोळ्या झाडल्या, दोन लागल्या. उजेड होता, मला कुणी घाबरवत नव्हते, पुठ्ठा हलत नव्हता. उरलेल्या चार गोळ्या घरात असत्या तर कुठे गेल्या असत्या? आपल्या लश्करातल्या गल्लीत भिंतीला भिंत लागून आहे.

आता जे सांगतो ते आजवर घरातही सांगितलेले नाही. शस्त्र घेतल्याच्या पहिल्या हिवाळ्यात पहाटे चारच्या सुमारास मागच्या चौकात आवाज झाला. कडी वाजली. मी उशाशी ठेवलेले रिव्हॉल्व्हर घेतले, भरलेलेच होते. दिवा लावला नाही, म्हटले चोर सावध होईल. घोडा चढवला. घोडा चढवला की चाप अगदी हलका होतो, बोट टेकले तरी पुरे. अंधारात कुणीतरी वाकलेले दिसले. मी हात वर केला. तेवढ्यात आवाज आला, "उठलास का? पाणी आलंय, ती बादली दे इकडे." अप्पा होते. एक दिवसाआड पाणी येते, ते भरायला उठले होते. मला झोपू द्यावे म्हणून त्यांनीही दिवा लावला नव्हता.

पाठीमागे हात नेऊन मी तुळशीपाशी गेलो. नळी मातीकडे करून थरथरत्या अंगठ्याने घोडा उतरवला. शस्त्रातले हे सर्वांत धोक्याचे काम, आणि मी ते तशा हातांनी केले. मग बादली दिली. अप्पा आता नाहीत. त्यांना हे कधी कळले नाही.

त्यानंतर शस्त्र उशाशी राहत नाही. भिंतीत बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी आहे, काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक सौ.कडे. कुणी म्हणेल, मग चोर आल्यावर काय उपयोग? बरोबर आहे, वेळ लागतो. त्या वेळात मी दिवा लावतो, घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारतो, ११२ ला फोन करतो. कायदाही याच बाजूने आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. दरोडा, किंवा सूर्यास्तानंतर घर फोडून शिरणे, यांत तो जीव घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, ही अट त्यातच आहे. भिंतीवरून पळत सुटलेल्या चोराच्या पाठीत गोळी घातलीत तर पुढची वर्षे कोर्टात जातील, आणि वकील फी दागिन्यांपेक्षा जास्त होईल.

देखभालीचे एकच सांगतो, कारण पावसाळा आहे. चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवू नका. चामडे ओल धरते, नळी गंजते. पुसून, तेलाचा हलका हात देऊन कोरड्या सुती कापडात ठेवा, महिन्यातून एकदा काढून बघा. आजोबांची बंदूक पेटीत पडून असेल आणि ते गेले असतील, तर वारसाने लायसनचा अर्ज करावा, तोवर ती थान्यात किंवा लायसनदार दुकानात जमा करावी. "कुणाला काय कळते" असे म्हणून ठेवलेली बंदूक बेकायदाच असते.

मघाशी एका काकांनी विचारले, दाखवायला आणले आहे का? नाही आणले. अशा जमावात, देवासमोर, लायसनचे शस्त्र आणायचे नसते. एअर पिस्तूल मात्र रविवारी सकाळी आठला रेंजवर असते. माझी मुलगी येते, ती माझ्यापेक्षा चांगले मारते. आमच्याकडे दोन जादा पिस्तुले आहेत. ज्यांना यायचे त्यांनी आरतीनंतर मला नाव द्या. चाळिशी लागली असेल तर जवळचा चष्मा घेऊन या. नेम धरताना लांबचा कागद धूसर दिसला तरी चालतो, पिस्तुलावरची पुढची माशी स्वच्छ दिसली पाहिजे.