मोड, आंबवण आणि मंद विस्तव
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



इतिहास, नाटक, संतवाङ्मय या विषयांवर अधिकारवाणीने बोलणारे वक्ते आपल्या मंडळास पुष्कळ लाभले आहेत. आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील, बी.ए.पर्यंत मजल गाठलेले एक सामान्य गृहस्थ. म्हणून आम्ही आमच्या आवाक्यातला, म्हणजे वाटीतला आणि पेल्यातला विषय निवडला आहे.

पुण्या-बंगळुरास नोकरी करणारी आपली मुले दिवाळीस रायपूरला येतात तेव्हा दोन नव्या गोष्टी मोठ्या कौतुकाने सांगतात. एक ‘क्राफ्ट बिअर’ आणि दुसरी तासन्‌तास मंद आचेवर शिजविलेले घरगुती सूप. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने जागच्या जागी, थोडीथोडी बिअर गाळून देण्यास आरंभ केला, तेव्हापासून हे वेड वाढत गेले. कारखान्यात लाखो बाटल्या एकाच चवीच्या निघतात. येथे मात्र प्रत्येक घाण्याची चव निराळी आणि ती करणारा माणूस समोर उभा, ही त्यातील गोडी. वडीलधाऱ्यांनी यावर कपाळास आठ्या घालण्याआधी ही वस्तू होते कशी, ते ऐकावे.

जव, म्हणजे आपले सातू, भिजवून त्यांस मोड आणतात. मोड येताना दाण्यात असे द्रव्य निर्माण होते की, ते पिठूळ अंशाची साखर करते. मोडाचे दाणे वाळवून, भरडून बेताच्या गरम पाण्यात ठेवले की पाणी गोड होते. ते हॉपच्या कडवट फुलांसह उकळून निवविले की पुढचे काम यीस्ट करते. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध हुकमाने बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी एवढेच घालण्याची परवानगी दिली. यीस्टचे नाव त्यात नाही. त्याचे खरे स्वरूप तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ १८७६ सालचा. शास्त्र मागाहून आले. हात आधीपासून जाणत होते.

आता रायपूरहून दक्षिणेस धमतरी, कांकेर मागे टाकून बस्तरात चला. तेथील आठवडी बाजारात स्त्रिया मडकी घेऊन बसतात. त्यांत असतो ‘लांदा’. तांदळाचे पीठ वाफेवर शिजवावयाचे, मडक्यात पाणी घालून ठेवावयाचे आणि त्यात मोड आणून वाळविलेल्या मक्याची पूड मिसळावयाची. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत, थंडीत अधिक दिवसांनी तो तयार होतो. बव्हेरियात जे काम जवाचे मोड करतात, तेच येथे मक्याचे मोड करतात. त्या बाईने पाश्चर वाचलेला नाही. परंतु मडक्यास कान लावून आतील बुडबुडे ऐकले की तिला घटका समजते.

आणि आपल्या घरी? तान्ह्या मुलास आपल्या आज्या नाचणीचे सत्त्व देत. नाचणी भिजवावयाची, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, वाळवून दळावयाचे. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते आणि बाळास पचते. विद्या तीच, एकीकडे तिचा पेला झाला, दुसरीकडे बाळाची वाटी.

आंबविण्याचेही असेच. विदर्भातून येथे आलेल्या आपल्या घरांत महालक्ष्म्यांच्या नैवेद्यास ज्वारीची आंबील लागते. आदल्या दिवशी ताकात भिजविल्याशिवाय तिला ती आंबटसर चव येत नाही. छत्तीसगढी शेजाऱ्याच्या घरी रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी ‘बासी’ म्हणून कांदा-मिरचीसह खातात. ताज्या भातात पाणी घातले तर त्यास ‘बोरे’ म्हणतात. २०२२ च्या १ मे रोजी, कामगारदिनी, राज्य सरकारने बोरे-बासीचा दिवस साजरा केला. शेतकऱ्याच्या शिदोरीस तो मान मिळाला, हे योग्यच झाले.

सुपाकडे येऊ. आजाऱ्यास मुगाचे कढण, थंडीत कुळथाचे कढण, पुरणाची डाळ शिजविलेल्या पाण्याची कटाची आमटी, कोल्हापूरकडे मटणाचे अळणी पाणी: ही आपली सुपेच होत. हाडांतील सत्त्व पाण्यात उतरावयास खळखळून उकळी नको. मंद विस्तव आणि वेळ हवा. १९५९ पासून आपल्या देशात प्रेशर कुकर बनू लागले आणि त्यांनी गृहिणीचा वेळ व इंधन वाचविले. ते उपकार आम्ही मानतो. मात्र बंद झाकणाखाली वास घेता येत नाही, साय काढता येत नाही, मध्येच मीठ पाहता येत नाही. शिटी मोजता येते. पाक ओळखण्याची विद्या मात्र शिटीबरोबर उडून जाते.

आम्ही मद्यपानाचा पुरस्कार करीत आहोत, असा कोणी ग्रह करून घेऊ नये. व्यसनाने बसलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ सालचा. त्याच परंपरेतील आजचा कायदाही आदिवासी समाजास घरच्या वापरापुरती, मर्यादित सूट देतो. कारण तेथे ही वस्तू देवास, पाहुण्यास आणि लग्नास लागते. सल्फीचेच पाहा. कोकणात ज्यास भेरली माड म्हणतात, तेच हे झाड. लावल्यानंतर रस मिळू लागेपर्यंत दहा-एक वर्षे जातात. म्हणून बस्तरात ते घराचे धन समजतात. अलीकडे बुरशीच्या रोगाने ही झाडे वाळत आहेत. एक झाड वाळले म्हणजे एका पिढीची वाट पाहणे वाया जाते.

आपल्या घरांतही एक झाड वाळत आहे, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत. आंबील किती आंबली हे वासावरून सांगणारी, नाचणीचा मोड किती लांब झाला म्हणजे वाळवावा हे बोटाने पाहणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. मुलाबाळांची दिवाळी चार दिवसांची. त्यांत फराळ होतो, शिकणे होत नाही. कृती वहीत उतरते. परंतु ‘अंमळ’, ‘बेताचे’, ‘वास सुटेपर्यंत’ या शब्दांचा अर्थ हाताशी हात लागल्यावाचून कळत नाही. पुण्यातील मुलगा हजारो रुपये देऊन मायक्रोब्रुअरीत जो ठेहराव विकत घेतो, तो त्याच्या आजीच्या फळीवर मडक्यात आहे, हे त्यास कोणी सांगावयाचे?

म्हणून मंडळास एक विनंती. येत्या महालक्ष्म्यांच्या आधी दोन दिवस मंडळाचे स्वयंपाकघर उघडावे. वडील स्त्रियांनी चौरंगावर बसावे. तरुणांनी, आणि त्यांत मुलगेही आले, भिजवावे, ढवळावे, चाखावे. शेजारच्या छत्तीसगढी भगिनींना बासी आणि मडियाची, म्हणजे आपल्या नाचणीचीच, पेज करण्यास सन्मानाने बोलवावे. मुलांनी आपल्या क्राफ्ट बिअरचे शास्त्र सांगावे. आम्ही पुढच्या रांगेत बसून ऐकू. पन्नास वर्षे या मंडळाने आपली भाषा कानांत जागती ठेवली. आता ती जिभेवरही राहावी, आणि त्यासाठी विस्तव मंद असला तरी तो पेटता असावा, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.