गणवेश उतरल्यावरचें बोलणें

मध्यरात्रीं एखाद्याच्या छातींत कळ येते, घरचीं माणसें दूरध्वनी करतात आणि रुग्णवाहिकेंतील सेवक दारांत येऊन उभा राहतो. अमुकच माणूस पाठवा, असें म्हणण्यास त्या घराला सवड नसते. अनोळखी हातांत जीव सोंपविला जातो, तो केवळ विश्वासावर. हाच सेवक काम संपल्यावर नागरिक असतो. त्याला मत असतें, पक्ष असतो, रागही असतो. तो राग समाजमाध्यमांवर उतरला, तर हक्क श्रेष्ठ कीं विश्वास, या प्रश्नाचा अमेरिकेंतील न्यायालयांनीं बराच खल केला आहे.

तेथील कायद्याला वळण मिळालें तें एका शिक्षकामुळें. इलिनॉय राज्यांतील पिकरिंग यांनीं शाळामंडळाच्या खर्चावर टीका करणारें पत्र वर्तमानपत्रांत छापविलें आणि त्यांची नोकरी गेली. १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सार्वजनिक प्रश्नावर बोलण्याचा सरकारी नोकराचा हक्क एका पारड्यांत आणि सेवा सुरळीत चालविण्याची सरकारची गरज दुसऱ्यांत, असा तराजू तेव्हांपासून रूढ झाला.

या तराजूंत हुद्द्यालाही वजन असतें. १९८१ सालीं अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हां टेक्सासमधील एका कॉन्स्टेबलच्या कचेरींतील कारकून स्त्रीनें, पुढचा प्रयत्न साधावा, अशी इच्छा सहकाऱ्याजवळ बोलून दाखविली. तिला काढून टाकणें १९८७ सालीं ५ विरुद्ध ४ मतांनीं गैर ठरलें. तिचें काम कागदपत्रांचें होतें. जनतेशीं तिचा संबंध येत नसे.

बचावकार्य करणाऱ्याची गोष्ट निराळी. मेरीलंडमधील हॉवर्ड कौंटीचें अग्निशमन खातें रुग्णवाहिकाही चालवितें. २०१३ सालीं बंदुकांवरील निर्बंधांच्या वादांत तेथील एका अधिकाऱ्यानें फेसबुकवर उदारमतवाद्यांविषयीं थट्टेच्या सुरांत हिंसेची भाषा केली. पहिला मजकूर त्यानें कामावर असतांनाच लिहिला होता. परंतु २०१७ सालीं अपील न्यायालयानें त्याची बडतर्फी कायम केली, ती मुख्यतः खात्यांतील शिस्त, सहकाऱ्यांचा एकोपा आणि लोकांचा विश्वास यांकडे पाहून. म्हणजे केवळ गणवेश उतरविल्यानें सुटका होत नाहीं. खाजगी रुग्णवाहिकेवरील सेवकाला तर हाही आधार नाहीं. राज्यघटनेंतील तें संरक्षण सरकारविरुद्ध आहे, खाजगी मालकाविरुद्ध नाहीं. कांहीं राज्यांचे स्वतंत्र कायदे तेवढे उपयोगी पडतात.

मग सेवकानें मुकेंच राहावें काय? तसें झालें तर समाजाचीच हानि होईल. रुग्णवाहिका अपुऱ्या आहेत, मदत उशिरां पोंचते, हें त्याच्याइतकें कोण जाणतो? धोरणावरील कठोर टीकेनें रुग्णाचा विश्वास ढळत नाहीं. तो ढळतो, जेव्हां सेवक एखाद्या पक्षाच्या वा वंशाच्या माणसांचा जीवच हलका लेखतो. मित्रमंडळींत गेलेला शब्द हवेंत विरतो. समाजमाध्यमावरचा पुसला तरी त्याची नक्कल कोठेंतरी उरते. ज्यांना त्यानें शिवी दिली, त्यांच्याच घरांतून उद्यां हांक येईल. तेथें त्याचे हात निष्ठेनें चालतीलही; पण अंथरुणावरच्या माणसाला तसा भरंवसा वाटला पाहिजे.