घरावर पत्रा घालताना



कागल तालुक्यात मुरगूडकडं पाऊस जास्त, कागलच्या पूर्वेला कमी. पण मृग जवळ आला की शाकारणीची घाई सगळीकडं सारखीच. कौलं फुटलेली असतात, वासे वाळवीनं खाल्लेले असतात आणि शाकारणारा माणूस वेळेला मिळत नाही. म्हणून पुष्कळजण कौलं उतरवून पत्रा घालतात. त्याआधी फायदा आणि खर्च, दोन्ही नीट पाहून घेऊ या.

पहिला फायदा वजनाचा. मंगलोरी कौलांचं वजन चौरस मीटरला साधारण ३५ ते ४० किलो भरतं. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं भरतं पाच किलोच्या आसपास. त्यामुळं लाकूड किंवा लोखंड कमी लागतं. दरसालची शाकारणी वाचते, वानरांचा त्रास जातो. शिवाय पन्हळ लावली तर पाणी धरता येतं. ५० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस झाला की ५०० लिटर पाणी पडतं. थोडं वाया गेलं तरी ४०० लिटर धुण्याभांड्याला हाती येतं. पहिल्या पावसाचं पाणी मात्र सोडून द्यावं.

आता खर्च. नुसत्या पत्र्याचा भाव म्हणजे छपराचा खर्च नव्हे. हूक, वायसर, आड्यावरचा पत्रा, सांगाडा, मजुरी आणि आतलं छत हे सगळं मांडून मगच कौलांशी तुलना करावी. स्वस्त म्हणून पातळ पत्रा घेऊ नये. चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त असलेला आणि २७५ ग्रॅम जस्त असलेला पत्रा दिसायला सारखेच, पण पहिल्यावर गंज लवकर चढतो. जाडी आणि जस्त दोन्ही पावतीवर लिहून घ्या. नवे पत्रे पावसात एकावर एक रचून ठेवू नका. आत पाणी राहून पांढरा गंज धरतो.

दुसरी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यात पत्रा तापतो. घरात बसवत नाही, गोठ्यातल्या म्हशी धापा टाकतात आणि दुधाला उतरतात. छप्पर उंच ठेवा, आड्याखाली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा, वरून पांढरा रंग द्या. गोठ्यावर उन्हाळ्यात उसाचं पाचट पसरलं तर गारवा राहतो. मात्र चुलीच्या धुराड्याजवळ किंवा विजेच्या तारेजवळ ते नको. पावसाआधी काढून टाका, ओल्या पाचटाखाली पत्रा गंजतो.

सगळ्यांत मोठा धोका वळवाच्या वाऱ्याचा. वारा पत्र्याला वरून दाबत नाही, तो खालून उचलतो. पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत म्हणूनच वाईट. पत्रा उडतो तेव्हा दगड माणसांच्या, पोराबाळांच्या अंगावर येतात. सांगाडा भिंतीत लोखंडी पट्टीनं पक्का बांधा. नालीदार पत्र्याची दीड नाली शेजारच्या पत्र्यावर चढवा, वरचा पत्रा खालच्यावर किमान १५ सेंटिमीटर घ्या. हूक पत्र्याच्या उंचवट्यावरच मारा आणि वायसर विसरू नका. खोलगट भागात भोक पाडलं की घर गळलंच म्हणून समजा.

विजेची सर्व्हिस वायर पत्र्याला टेकू देऊ नका. वायरीचं आवरण झिजलं की सगळं छप्पर वीज धरतं.

काम मार्चअखेर पुरं करा आणि दरसाल वळवाआधी हूक आवळून घ्या.